चॅपलच्या वळणावरचा दुसरा कागद

१

निकालाचा कागद कचेरीच्या दाराला लागून पाच मिनिटं झाली नसतील, तोच नेविल ऑल्ड्रॉइडने तो टाचण्यांसकट उपटला आणि आत येऊन माझ्यापुढे टेबलावर ठेवला. अंगावर अजून चामड्याचा सूट, कोपराला चिखल, केसांत गारांचं पाणी.

"तक्रार समिती कुठं बसते?" त्याने विचारलं.

"तुमच्यासमोर बसली आहे," मी म्हणाले.

आमच्या बालाक्रेगच्या शर्यतीची तक्रार समिती खरं तर तिघांची. त्यातला एक जखमी स्वाराबरोबर दवाखान्यात गेला होता. दुसरा ज्या मुलीने शर्यत जिंकली तिचा मामा, म्हणून त्याने स्वतःहून अंग काढून घेतलं. उरले मी, नेसा क्रेगीन. चाळीस वर्षं गावचं पोस्ट सांभाळून निवृत्त झालेली, गुडघ्यांनी अधू, डोळ्यांनी ठणठणीत.

"मग ऐका," तो म्हणाला. "चौथ्या फेरीत चॅपलच्या वळणावर पिवळा झेंडा हलत होता. कुणीतरी पडलं होतं. पिवळ्यात पुढच्याला ओलांडायचं नाही, वेग कमी करायचा. मी ओलांडलं. खोटं कशाला बोलू? नजर पुढे होती, ओलांडून गेलो. त्याबद्दल माझ्या बावीस नंबराला एक मिनिट लावलंत, ते मला कबूल आहे."

"मग तक्रार कसली?"

"माझ्या पुढेच सात नंबर होती. तिनेही त्याच झेंड्याखाली एकाला ओलांडलं, माझ्या डोळ्यांदेखत. तिचं मिनिट कुठं आहे?"

कचेरीत चहा ओतणाऱ्या मार्गेडचा हात थांबला. सात नंबर म्हणजे ब्रीशी किनिश, आजची विजेती. आणि चॅपलच्या वळणावर झेंडा घेऊन उभा असलेला मार्शल म्हणजे जुआन किनिश, तिचा सख्खा आजोबा.

"नातीला सोडलं आणि पल्याडच्याला धरलं," नेविल म्हणाला. पल्याड म्हणजे इंग्लंड. समुद्र ओलांडून येणारा प्रत्येक जण आमच्या मॅन बेटावर पल्याडचाच. "मला कप नको, बाई. दोघांना मिनिट लागलं तर कप मला येतही नाही, तिसऱ्याला जातो. मला फक्त एकच मोजपट्टी हवी. तिच्याबद्दलचा कागद काय उंदराने खाल्ला?"

मार्गेडने पटकन लाकडी टेबलाला हात लावला. त्या प्राण्याचं नाव आमच्या बेटावर कुणी घेत नाही, शर्यतीच्या दिवशी तर नाहीच. आम्ही त्याला लांबशेपट्या म्हणतो. पण बिचाऱ्याला कुठून माहीत असणार?

घड्याळात चार वाजले होते. सहाला बक्षीस समारंभ. मी कोट चढवला.

२

जुआन वळणावरच होता. रस्ता उघडला तरी सगळा कचरा उचलल्याशिवाय तो हलत नाही. मातीच्या बांधाला टेकून तो झेंडा पिळत होता. चौतीस वर्षं तो याच जागेवर उभा राहतोय, पगार ना भत्ता. आमच्याकडच्या सगळ्याच मार्शलांचं असंच आहे. त्यांच्याशिवाय इथे एकही शर्यत होणार नाही आणि त्यांचे आभार मानायचं कुणाला सुचत नाही.

"जुआन, चौथ्या फेरीत कुणाकुणाविरुद्ध लिहिलंस?"

"झेंडेवाल्याने लिहायचं असतं, बोलायचं नसतं," तो म्हणाला. "वाच की कागद."

"मी समिती म्हणून विचारतेय. आता बोलायला हरकत नाही."

त्याने झेंडा काठीला गुंडाळला. "सात आणि बावीस. दोघांविरुद्ध. दोन वेगळे कागद."

"सात म्हणजे ब्रीशी."

"नंबर मला वाचता येतो, नेसा."

"कचेरीत एकच कागद आलाय. बावीसचा."

त्याचा चेहरा मी साठ वर्षं ओळखते. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. त्या चेहऱ्यावरचा रंग असा उतरलेला मी त्याची बायको गेली तेव्हाच पाहिला होता.

"निकाल ऐकला तेव्हा मला वाटलं, कचेरीने वाचून सोडून दिलं," तो हळूच म्हणाला. "काही कारण असेल त्यांचं. निवाडा करणं माझं काम नाही. म्हणून गप्प बसलो. म्हणजे आता सगळे म्हणणार, म्हाताऱ्याने लिहिलंच नाही."

"म्हणायला लागलेतच."

"शोध तो कागद. ब्रीशीचा कप जाईल, जाऊ दे. पण मी नातीसाठी डोळे मिटले असं एकाला जरी वाटलं, तर उद्या हा झेंडा पाहून कोण कशाला थांबेल?"

एक तर जुआन खोटं बोलत होता, किंवा आमच्यातल्याच कुणीतरी कागद चोरला होता. पहिलं मला पटत नव्हतं आणि दुसरं पटवून घेववत नव्हतं.

"कागद कशाने लिहिलेस?" मी निघता निघता विचारलं.

त्याने कानावरची पेन्सिल काढून दाखवली. ती पाहून मला हसू आलं. माझ्याच पोस्टातल्या जुन्या साठ्यातली, मी निवृत्त होताना त्याला डझनभर दिलेली.

"आणि घडी कशी घातलीस?"

"एकावर एक ठेवून चार घड्या. आधी लिहिलेला बाहेर, नंतरचा आत. का?"

"काही नाही," मी म्हणाले, कारण तेव्हा खरंच काही नव्हतं.

३

वळणावळणांवरचे कागद गोळा करून आणायचं काम ऑरी क्विर्कचं. तो स्वतः मोटरसायकलवरचा फिरता मार्शल. शर्यत संपली की सगळ्या ठिकाणी थांबत थांबत कचेरीत येतो. ब्रीशीवर त्याचा जीव आहे हे सगळ्या गावाला माहीत आहे, फक्त ब्रीशीला सांगायचं राहिलंय.

तो गाड्यांच्या शेडमध्ये साखळीला तेल देत होता. मला पाहून त्याने आधीच दोन्ही हात वर केले.

"क्रेगीनबाई, मी नाही घेतला."

"काय नाही घेतलं?"

"जे काही हरवलंय ते. मार्गेड सगळ्या गावाला सांगत सुटलीय."

हात तेलाने काळे होते, नखांपर्यंत काळे. दुसरा कुठला रंग नव्हता. तेव्हा मी ते नुसतं पाहिलं, त्याचा अर्थ नंतर लागला.

"कागद कुठे ठेवले होतेस?"

"छातीवरच्या खिशात. चेन तुटलीय त्याची. चॅपलहून निघालो आणि गारा सुरू झाल्या, कचेरीपर्यंत नुसता झोडपून काढला. सगळे कागद भिजून लगदा झाले. टेबलावर टाकले, सचिव इलियम म्हणाला, जा आधी कपडे बदल, न्यूमोनिया होईल. मी गेलो."

"तेव्हा तिथे कोण कोण होतं?"

"इलियम टेबलापाशी. मार्गेड चहा घेऊन आलेली. आणि..." तो अडखळला. "ब्रीशी दारात. निकाल विचारायला आलेली."

"तुला ती जिंकावी असं वाटत होतं?"

"तुम्हाला नव्हतं वाटत?" तो म्हणाला आणि मान खाली घालून पुन्हा साखळीकडे वळला.

ब्रीशी आपल्या गाडीशेजारी उलट्या बादलीवर बसली होती. आजवर कुठल्या पोरीने हा कप जिंकला नव्हता. हा कप मिळाला की डोंगरावरच्या मोठ्या शर्यतीत आपोआप जागा मिळते, आणि ती जागा मिळावी म्हणून तिने चार हिवाळे मासळीला धुरी देणाऱ्या कारखान्यात कामं करून गाडी उभी केली होती. शेजारच्या गाडीवर, ब्रीशी आणि नेविलमागून तिसरा आलेला डॉलिन कॅलो चीज-ग्रेव्ही घातलेल्या चिप्स खात बसला होता. वय एक्कावन्न, वीस वर्षं शर्यतीत, एकदाही पहिला नाही. त्याने मला एक चिप पुढे केली. मी घेतली.

"ब्रीशी, पिवळा दिसला होता?"

"दिसला होता. वळण संपलं म्हणजे पिवळाही संपला असं वाटलं मला. पुढचा हिरवा झेंडा दिसेपर्यंत थांबायचं असतं. नाही थांबले."

"मग सांगितलं का नाहीस?"

"दारावर कागद लागला, त्यात माझा नंबर नव्हता." ती हातमोज्याची शिवण उसवत होती. "मला वाटलं आजोबांनी पाहिलं आणि सोडून दिलं. आणि मला ते आवडलं, क्रेगीनबाई. दहा मिनिटं फार आवडलं. मग आठवलं. आयुष्यात त्यांनी मला खेळातसुद्धा जिंकू दिलं नाही कधी."

"कागद सापडला तर कप जाईल."

"माहीत आहे."

"आणि नाही सापडला तर?"

तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते. "ते मला विचारू नका. मला खरं उत्तर देता यायचं नाही."

तिचे हात थंडीने लाल झाले होते, बाकी स्वच्छ. डॉलिन चिप्सचा पुडा खाली ठेवून दुसरीकडे पाहू लागला.

मी कचेरीत परत आले. टेबलामागच्या दोरीवर सगळ्या वळणांचे कागद चिमटे लावून हीटरवर वाळत घातले होते. सुरकुतलेले, शाई फुटलेली, एकेक शब्द लावून वाचावा लागत होता. जुआनचा बावीस नंबरचा कागद मात्र टेबलावर पडलेला. कोरडा. घड्या स्वच्छ, अक्षर करडं आणि टोकदार.

एकाच खिशातून, एकाच गारपिटीतून आलेल्या कागदांपैकी हा एकटाच कोरडा कसा?

मी तो उलटा केला. पाठीमागे अंगठ्याएवढा जांभळा डाग होता.

४

तुमच्यापैकी ज्यांनी जुन्या पोस्टात मनीऑर्डर भरली असेल त्यांना कॉपिंग पेन्सिल आठवत असेल. कोरडी असताना साध्या पेन्सिलीसारखी करडी उमटते. जिभेला लावली किंवा पाणी लागलं की जांभळी होते, आणि मग ती मरेपर्यंत जात नाही. माझी जीभ चाळीस वर्षं जांभळी होती. नवरा म्हणायचा, तुला डॉक्टरकडे नेलं तर तो आधी मलाच तपासेल.

आता बघा. बावीस नंबरच्या कागदावरचं अक्षर करडं होतं, म्हणजे त्याला पाणी लागलंच नव्हतं. मग पाठीवर जांभळा डाग आला कुठून? पाणी लागलेल्या दुसऱ्या कुठल्यातरी अक्षरावरून. म्हणजे जुआनने सांगितलं तसा आणखी एक कागद होता. तो बाहेरच्या बाजूला होता, त्याने सगळा पाऊस स्वतःवर घेतला आणि आतल्याला कोरडं ठेवलं.

मी खुर्चीत बसले आणि खरं सांगते, आधी रडले. जुआन खरं बोलला होता. साठ वर्षांची ओळख एका दुपारी मोडायची वेळ माझ्यावर आली नाही, त्याबद्दल मी मनोमन जो कुणी असेल त्याचे आभार मानले. त्या पेन्सिलीचेसुद्धा.

पण अर्धंच काम झालं होतं. ओला कागद ज्याने सोलून काढला, त्याच्या बोटांना जांभळं लागल्याशिवाय राहिलं नसणार. ऑरीचे हात मी पाहिले होते, ब्रीशीचे पाहिले होते. दोघांवरही रंग नव्हता. दारातून मार्गेड आत आली. हातात सँडविचची थाळी. दहाही बोटं जांभळी.

मार्गेड स्केली ही जुआनची धाकटी मुलगी, ब्रीशीची आत्या.

"मार्गेड, हात बघू," मी म्हणाले.

"बीटची सँडविचं केलीत दीडशे. तुझे हात पांढरे राहिले असते का?"

"नळाखाली धर."

"काय झालंय तुला?" पण तिने धरले. लाल पाणी वाहिलं, साबणाचा एक हात फिरला आणि बोटं होती तशी गोरी झाली. मी नळ बंद केला.

"संशय होता वाटतं माझ्यावर," ती म्हणाली. रागावली नव्हती, दुखावली होती. "आपल्या बापाला खोटं पाडीन मी? ब्रीशीसाठीसुद्धा नाही, नेसा. माझा बाप तो झेंडा घेऊन माझ्या लग्नाच्या दिवशी अर्धा तास उशिरा आला होता. मी तेव्हाच समजले, त्याचं पहिलं लग्न कुणाशी लागलंय."

"माफ कर मला."

"केलं. सँडविच खा." तिने टॉवेलला हात पुसले. "आज सगळेच बिघडलेत बाई. मघाशी इलियम माझ्या मोरीवर. इतक्या वर्षांत त्याने स्वतःचा कपसुद्धा विसळला नाही, आणि आज म्हणतो, ब्लीच आहे का? कप चांगले घासतो म्हणाला. मी म्हटलं, ती मंडळी पुलाखालून उठून तुझ्या अंगात शिरलीत की काय?"

ती मंडळी म्हणजे आमच्याकडची पऱ्यांची जमात, त्यांचंही नाव घ्यायचं नसतं. पण मला हसू आलं नाही. इलियम मायलरी हा आमचा सचिव. बावीस नंबरच्या दंडाखाली सही त्याची होती. नियमाचं पुस्तक त्याला तोंडपाठ होतं. आणि या सगळ्यांत ब्रीशीशी ज्याचं काही नातं नव्हतं असा तो एकटाच होता.

५

इलियम आतल्या खोलीत बक्षिसांची यादी लिहीत होता. डाव्या हाताने. उजवा हात कोटाच्या खिशात.

"साडेपाच झाले, नेसा," तो म्हणाला. "काय निकाल लावायचा ते लाव लवकर."

"डावखुरा कधीपासून झालास?"

"बोट कापलं दारात."

"दाखव. पोस्टात मी मलमपट्टीही करायचे."

तो हलला नाही. बारा वर्षांपूर्वीच्या अपघातापासून त्याचा डावा पाय आखूड आहे, चालताना लचकतो. तेव्हा तो आमच्या बेटाचा सगळ्यात वेगवान पोरगा होता. चॅपलच्या वळणावर सगळ्यांच्या पुढे असताना घसरला आणि रस्त्याच्या मधोमध बेशुद्ध पडला. मागून अकरा गाड्या येत होत्या. जुआनने झेंडा हलवला, अकराही जण हळू झाले आणि इलियम जगला. त्या वेळी मी पोस्टात होते. हे सगळं मी नंतर लोकांकडून ऐकलेलं.

त्याने हात बाहेर काढला. अंगठा आणि दोन बोटं जांभळी, ब्लीचने घासून सालटं निघालेली.

"शिक्क्याची शाई आहे," तो म्हणाला.

मी टेबलावरचा शिक्का उचलून त्याच्या यादीवर मारला. तांबडा उमटला.

इलियमने त्या तांबड्या वर्तुळाकडे पाहिलं. मग कोटाच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं आणि त्यातून चार घड्यांचा एक कागद. वाळून कडक झालेला, सगळा जांभळा फुटलेला, पण सात नंबर स्वच्छ दिसत होता. खाली जुआनची सही.

"फाडायला गेलो," तो म्हणाला. "त्याचं अक्षर फाडवेना."

"का केलंस, इलियम?"

"त्या माणसामुळे मी जिवंत आहे. बारा वर्षांत त्याने एकदाही तसं बोलून दाखवलं नाही, आणि मलाही कधी नीट आभार मानता आले नाहीत. काय म्हणायचं असतं अशा वेळी? आणि आज त्याच्याच हाताने लिहिलेला कागद माझ्यापुढे आला, त्याच्याच नातीचा कप घालवणारा. मला वाटलं, एवढं तरी त्याच्यासाठी करू. त्याला कळणारही नाही."

"आणि नेविलचा कागद?"

त्याने सात नंबरचा कागद टेबलावर ठेवला.

"तोही त्याच हाताने लिहिलेला होता. तो नाही लपवलास."

"तो पल्याडचा," इलियम अगदी हळू म्हणाला. "त्याने ब्रीशीला पाहिलं असेल असं मनातच आलं नाही. त्याचा विचारच केला नाही मी."

"जुआनला सगळं गाव लबाड म्हणतंय. तुझ्या उपकाराने."

त्याने तोंड झाकून घेतलं. मला त्याचा राग यायला हवा होता आणि येत नव्हता. वाईट माणसाला पकडणं सोपं असतं. हा तर बारा वर्षं ओझं वाहून थकलेला माणूस होता आणि ते त्याने चुकीच्या ठिकाणी उतरवलं होतं.

दार वाजलं. जुआन आत आला. त्याची नजर टेबलावरच्या जांभळ्या कागदावर गेली, मग इलियमच्या बोटांवर. आम्हाला त्याला काही सांगावं लागलं नाही.

६

"आभार मानायला निघाला होतास माझे?" जुआनने विचारलं.

"तुझ्या झेंड्याने वाचलो मी."

"झेंडा तुला कुठं दाखवला होता? तू तर डोळे मिटून पडला होतास. झेंडा मागून येणाऱ्यांना होता." जुआन खुर्ची ओढून बसला. "मी एक म्हातारा, हातात काठीला बांधलेलं फडकं. त्यात काय ताकद असणार? त्यातल्या एकाने जरी म्हटलं असतं, बाकीचे थांबतील, मी पुढं जातो, तर तू आज इथे बसला नसतास. ज्यांनी थांबायचं ठरवलं त्यांनी तुला वाचवलं. पहिला कोण आला वळणावर, विचारलंस कधी?"

इलियमने नकारार्थी मान हलवली. पाच महिने तो दवाखान्यात होता. बाहेर आल्यावर त्या दिवसाचा विषय कुणी त्याच्यापुढे काढत नसे.

"डॉलिन कॅलो."

"डॉलिन?" मीच म्हणाले. ही गोष्ट मलाही कुणी सांगितली नव्हती.

"तू पडलास आणि तो पहिला झाला. पुढे मोकळा रस्ता, फक्त दोन फेऱ्या उरलेल्या. जिंकलाच होता म्हण. माझा झेंडा पाहिला आणि इतका हळू झाला की गाडी बंद पडली. तुझ्यापासून चार हातांवर. ती परत सुरूच झाली नाही. तुला उचललं तेव्हा तुझं डोकं त्यानेच धरलं होतं, मग गाडी ढकलत घरी गेला."

"जुन्या निकालाच्या वहीत मी ती ओळ कितीदा वाचलीय," इलियम म्हणाला. "डॉलिन कॅलो, गाडी बंद. का बंद पडली ते कुणी लिहिलंच नव्हतं."

"नियम पाळला म्हणून कुणी काही लिहीत नाही," जुआन म्हणाला.

मला घड्याळ दिसत होतं. सात नंबरला एक मिनिट, बावीस नंबरला एक मिनिट. पहिला कोण येतो हे इलियमलाही त्याच क्षणी उमगलं असावं, कारण त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने लपवलेल्या कागदाने ज्याचा कप हिरावला जात होता, तो डॉलिन होता.

"आजचा निकाल मला वाचू दे, नेसा," तो म्हणाला. "उद्यापासून दुसरा सचिव बघा. पण आज वाचू दे."

मी हो म्हटलं. नियमात बसत होतं की नाही कोण जाणे.

सहाला मैदानावर ऊन आलं. लॉरीच्या फळीवर इलियम उभा राहिला आणि त्याने पहिल्यापासून सगळं सांगितलं. कागद कुणी घेतला, का घेतला, जुआनने काय लिहिलं होतं. आपली बोटंही वर करून दाखवली. मग नेविलकडे वळून त्याची माफी मागितली, सगळ्यांसमोर, नाव घेऊन. नेविलने टोपी काढली. "माझ्या गावात असं कुणी कबूल केलं नसतं," तो म्हणाला आणि जुआनपाशी जाऊन त्याचा हात हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला.

ब्रीशी आजोबांच्या शेजारी उभी होती. रडून झालं होतं तिचं. "पुढच्या वर्षी हिरवा दिसेपर्यंत थांबेन," ती त्यांना म्हणाली. जुआन म्हणाला, "नाही थांबलीस तर लिहीन." तिने त्याच्या दंडाला डोकं टेकवलं. पलीकडे ऑरी तिला द्यायला चहाचा कप घेऊन उभा होता, चहा निवून गेला तरी तो पुढे आला नाही.

"पहिला," इलियमने वाचलं, "एकतीस नंबर, डॉलिन कॅलो."

डॉलिनला दोनदा हाक मारावी लागली. तो मागे कुणाच्या तरी गाडीला पाना लावून बसला होता. फळीवर चढताना त्याने आधी तळहात पँटला पुसले. इलियमने कप त्याच्या हातात दिला, पण स्वतःचे हात काढून घेतले नाहीत. दोघेही तो कप धरून उभे राहिले.

"बारा वर्षांपूर्वी चॅपलच्या वळणावर तू थांबला होतास," इलियम म्हणाला. "मला आज कळलं. उशीर झाला, डॉलिन. तुझे आभार."

डॉलिन खूप लाल झाला. त्याला बोलायची सवय नाही.

"अरे, पिवळा होता," तो म्हणाला. "थांबायचं नाही तर काय करायचं?"

सगळ्यात आधी ब्रीशीने टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. डॉलिनने कप इलियमकडेच धरायला दिला आणि खिशात रुमाल शोधू लागला.